एकास बारा

बाहुलीला आरसा दिसत नव्हता. शनिवारी दुपारी सव्वातीनला हे माझ्या लक्षात आलं आणि पहिल्यांदा मला चक्क हसू आलं. अडीच महिने मान मोडून काम केलं, आणि चूक सापडली ती असली, तीही ताई पाचला यायची असताना. चार इंची बाहुली पॅसेजमधल्या अभ्यासाच्या टेबलाशी बसवली होती. तिच्या गालाला गाल लावून आपल्याला काही बघता येत नाही, आपलं डोकं तिच्या अख्ख्या खोलीएवढं. म्हणून मी दात तपासायचा आरसा घेतला, लांब दांडीचा, टोकाला बटणाएवढी काच असलेला, तो तिच्या तोंडापाशी धरला आणि तिला काय दिसतंय ते पाहिलं. भिंत दिसत होती. माझ्याच हाताने लावलेला पिवळ्या फुलांचा कागद आणि त्यावर कोपऱ्यात राहिलेला डिंकाचा डाग. आरसा किंचित फिरवला. पुन्हा भिंतच. मागच्या खोलीचं दार नाही, तिथलं ड्रेसिंग टेबल नाही, त्याच्यापुढे वेणी घालत बसलेली ताई नाही. मी चष्मा पुसला आणि परत पाहिलं. तोवर हसू केव्हाच गेलं होतं.

मी कवळ्या बनवते. एकतीस वर्षं एकाच डॉक्टरांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून लोकांचे दात बनवत आले आहे, आणि मी मापात चुकत नाही. ही फुशारकी नव्हे, पोटापाण्याची गोष्ट आहे. दात केसाएवढा उंच राहिला तरी माणसाला घास चावता येत नाही, मग तो तणतणत येतो आणि डॉक्टर त्याला माझ्या अंगावर सोडतात. म्हणूनच ताईने हे खोकं माझ्याकडे आणून टाकलं. तिची नात सात वर्षांची होणार, तिला बाहुलीचं घर हवं, आणि ताईच्या बोटांचे सांधे असे सुजलेले की तिला सुईत दोरा ओवता येत नाही. खोक्यात पातळ प्लायवूडचे तीस तक्ते होते, त्यांत लेसरने कापलेले नंबर घातलेले तुकडे, काडेपेटीएवढ्या खिडक्या, नखाएवढ्या बिजागऱ्या, आणि दिव्यांच्या तारा. खोक्यावर घराचं चित्र होतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या धाटणीचं दुमजली घर, उतरतं छप्पर, धुराडं, उंच निमुळत्या खिडक्या. ताई निघताना दारात वळून म्हणाली होती, "चित्रात आहे तस्संच कर हां, मुंगे. तुझं डोकं चालवू नकोस." मला मुंगी म्हणणारी आता जगात ती एकटीच उरली आहे. आणि मला डोकं चालवू नकोस सांगणं म्हणजे झालंच, मी त्याच संध्याकाळी खोकं टेबलावर उपडं केलं आणि चित्राकडे बघता बघता माझ्या मनात आलं, हे तर आपलं जुनं घर.

मी आठ वर्षांची होईपर्यंत आम्ही तसल्या एका घरात भाड्याने राहत होतो. मग सोडलं, पुढे ते पाडलंही. त्याचा एकही फोटो नाही, पण त्याच्या वरच्या मजल्याची मापं माझ्याकडे आहेत, इंचाइंचाची. आई गेल्यावर बाबांची कागदांची पिशवी माझ्याकडे आली, तिच्यात घडीवर फाटत आलेला एक नकाशा होता. चौकशीला आलेल्या साहेबांनी टेप लावून काढलेला. रस्त्याकडची खोली, मधला पॅसेज, मागची खोली, दारं, खिडकी, पलंग, स्टूल, अभ्यासाचं टेबल, सगळं जिथल्या तिथे. त्याच्यावर कोण कुठे होतं त्याच्या पेन्सिलीने तीन फुल्या होत्या, त्यांच्याकडे मी बघितलं नाही. मला आकडे हवे होते. बाहुलीच्या घराचं प्रमाण एकास बारा असतं, म्हणजे फुटाचा इंच होतो, हिशोब पोरासोरांना जमेल इतका सोपा. चित्रातली मधली भिंत मी काढून टाकली आणि नवी कापली, जिना उलट्या बाजूला वळवला, धुराड्याचा फुगवटा पॅसेजमध्ये नकाशात होता तेवढा बाहेर काढला. लेसरने जळलेल्या कडा घासून काढल्या. डिंक लावायच्या आधी सगळं घर नुसत्या चिकटपट्टीवर उभं करून पाहिलं, मोडलं, परत उभं केलं. जमिनीच्या फळ्या जुन्या दिसाव्यात म्हणून चहाच्या पाण्यात बुचकळल्या. ड्रेसिंग टेबलाला काच लावली ती दवाखान्यातल्या मोडक्या आरशाची. आणि गंमत म्हणून कवळीच्या मालातून दोन बाहुल्या ओतल्या, हिरड्यांच्या गुलाबी रंगाच्या, एक वेणी घालणारी ताई आणि एक अभ्यास करणारी मी. ताईला हसू येईल म्हणून. बाळ मी केला नाही.

बाळ आमचा भाऊ. अडीच वर्षांचा होता. रस्त्याकडच्या खोलीच्या खिडकीतून तो खाली पडला आणि दुसऱ्या दिवशी गेला. आई खाली स्वयंपाकघरात होती, बाबा कामावर, आणि आई ताईला सांगून गेली होती की बाळाकडे लक्ष ठेव. ताई तेव्हा तेरा वर्षांची. साहेब माझ्यासमोर उकिडवे बसले, त्यांच्या तोंडाला कसलातरी औषधी वास येत होता, आणि त्यांनी विचारलं, "बेटा, तू कुठे होतीस?" मी म्हटलं, टेबलाशी. "मग तुला काय दिसलं?" मी म्हटलं, ताई आरशात बघून वेणी घालत होती. लहान मूल कशाला खोटं बोलेल, असं कोणीतरी मागून म्हणालं. साहेबांनी ताईला विचारलं, ही म्हणते ते खरं का. ताई भिंतीला टेकून उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं, मग खाली बघितलं आणि म्हणाली, "हो. खिडकीपण मीच उघडली होती, केस वाळवायला. माझंच लक्ष नव्हतं." तिने कबूल केलं, संपलं. महिन्याभरात आम्ही घर बदललं आणि ताईची रवानगी आत्याकडे झाली. ती सुट्टीत यायची तेव्हा आई तिच्याशी बोलायची नाही. आई माझ्यामार्फत बोलायची, ताई समोर बसलेली असताना. तिला विचार, जेवणार आहे का. तिला सांग, टॉवेल दोरीवर टाक म्हणावं. मी सांगायची. मला त्यात काही वाटत नसे, उलट थोडं महत्त्व आल्यासारखं वाटायचं, खोटं कशाला बोलू. ताईचं शिक्षण आत्याकडे अर्धवट राहिलं, तिथूनच लग्न झालं, आई त्यालाही गेली नाही. मरेपर्यंत, अडतीस वर्षं, आईने तिला हाक मारली नाही. आणि मी, जेव्हा जेव्हा मला त्याचं वाईट वाटलं, तेव्हा तेव्हा स्वतःला सांगत आले की मी तरी काय करणार, जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगितलं.

कारण पाहिलं होतं. ते चित्र माझ्यात कोरल्यासारखं आहे. एका चौकटीच्या आत दुसरी चौकट, दुसरीच्या आत गोल आरसा, आणि आरशात ताईचा चेहरा, दातांत पिन धरलेली, दोन्ही हात मानेमागे. एवढं स्वच्छ दुसरं काही मला त्या घरातलं आठवत नाही. म्हणून बाहुलीला ते दिसत नाही म्हटल्यावर मी आधी मापांवरच संशय घेतला. नकाशा पसरला, कॅलिपर घेतला, भिंत मोजली, धुराड्याचा फुगवटा मोजला, टेबल कोपऱ्यापासून किती लांब ते मोजलं. एकदा, दोनदा, तीनदा. सगळं बरोबर होतं. टेबल धुराड्याच्या फुगवट्याआड होतं. तिथे बसलेल्या मुलीला समोरची भिंत आणि जिन्याचं टोक, एवढंच दिसणार. मग मी खुळ्यासारखं काय केलं, कानस उचलली. मनात म्हटलं, फुगवटा जरा घासला तर दिसेल. दोन मिलिमीटर, तीन मिलिमीटर, साहेबांची टेप कुठे एवढी काटेकोर असायची. कानस भिंतीला लावलीसुद्धा. आणि मग माझा हात आपोआप थांबला, कारण हे मी रोज दुसऱ्यांना सांगते. कवळी बसत नसेल तर तोंड चुकलं असं म्हणता येत नाही. आणि तीन मिलिमीटरचा प्रश्नच नव्हता, अख्खी भिंत पाडावी लागली असती. उठून पाणी प्यावं असं वाटत होतं आणि उठवत नव्हतं.

मग मी बाहुलीला टेबलावरून उचललं. कुठून दिसतो हा आरसा, ते तरी बघू म्हटलं. पॅसेजच्या मधोमध उभी केली, तिथून मागच्या खोलीचं दार दिसलं, आरसा दिसला, पण चौकट एकच. माझ्या चित्रात दोन आहेत. मी तिला मागे नेलं, रस्त्याकडच्या खोलीत. दोन्ही दारं एका रेषेत. त्या खोलीत पलंग टाकल्यावर उभं राहायला जागा उरते ती खिडकीपाशीच, नकाशात तिथे स्टूल काढलेलं आहे. मी बाहुलीला स्टुलापाशी ठेवलं, खिडकीला पाठ लावून, दाताचा आरसा तिच्या तोंडापाशी धरला. एक चौकट, तिच्या आत दुसरी चौकट, तिच्या आत गोल काच, आणि काचेत गुलाबी बाहुलीचा चेहरा, दोन्ही हात मानेमागे. चव्वेचाळीस वर्षं मी डोक्यात वागवलेलं चित्र माझ्यासमोर होतं, नखाएवढं, पण त्यात कुठेही काहीही कमी नव्हतं. खाली रस्त्यावर कोणीतरी मोटारसायकल सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती सुरू होईना, आणि मी तो आवाज फार लक्ष देऊन ऐकत राहिले.

मी खिडकीत होते. तिथे, स्टुलापाशी, बाळाच्या शेजारी. आणि एकदा हे म्हटल्यावर माझ्या अंगठ्याला खिडकीची खिटी आठवली, घट्ट बसलेली, लोखंडी, वर ढकलताना अंगठ्याच्या पेराला रुतणारी. रस्त्याचं काम चाललं होतं. रोलर येत होता. बाळाला रोलर फार आवडायचा, तो "लोल" म्हणायचा, आणि मी स्टूल ओढलं, त्याला वर घेतलं, खिटी काढली. डांबराचा वास आला. हे खरंच आठवतंय की मी आत्ता रचते आहे, कळत नाही, पण अंगठा कसा रचेल. अडीच वर्षांच्या मुलाच्या हाताला ती खिटी पोचणं शक्य नाही, हे तेव्हाच सगळे म्हणाले होते. म्हणून तर ताईने उघडली हे लगेच पटलं. मग मी वळून बघितलं असेल, आत, ताई ओरडते की काय म्हणून. ती ओरडली नाही. मग बाळाला स्टुलावर तसंच ठेवून मी टेबलाशी गेले असेन. का गेले, ते मात्र काही केल्या आठवत नाही. गणितं राहिली असतील. आठ वर्षांच्या मुलीला काय कारण लागतं.

आणि मग जे लक्षात आलं त्याने मी खुर्चीतून खाली जमिनीवरच बसले. कवळी बसवली की मी पेशंटच्या मागून आरसा धरते तेव्हा मला त्यात त्याचे डोळे दिसतात, आणि ज्याचे डोळे मला दिसतात त्याला माझेही दिसतात. आरशात एकतर्फी काही नसतं. मला त्या दिवशी ताईचा चेहरा दिसला, समोरून, डोळ्यांसकट. म्हणजे ताईला मी दिसले होते. खिडकीत. मग तिने साहेबांसमोर माझ्याकडे बघितलं होतं ते कशाला, आणि खाली बघून हो म्हणाली ती का. एक मन म्हणत होतं, बाहुली टेबलाशी ठेव, ताई येईल, घर घेऊन जाईल, पोर खेळेल, कोणाला काय कळणार आहे. आणि त्याच वेळी मला आई आठवत होती, शेवटच्या आठवड्यातली, इस्पितळाच्या उंच पलंगावरची. छताकडे बघत, मागचं पुढचं काही नसताना तिने मला विचारलं होतं, "तू नक्की टेबलाशीच होतीस ना गं?" कुठलं टेबल, हे मला तिला विचारावं लागलं नाही. मी तिचा हात हातात घेतला आणि म्हटलं, हो आई. इतक्या खात्रीने म्हटलं. ताई तेव्हा बाहेर बाकावर बसून होती.

ताई पाच वाजून दहा मिनिटांनी आली. तीन जिने चढून धापा टाकत होती. "आधी पाणी दे बाई," म्हणाली, "तू लिफ्ट असलेल्या इमारतीत राहायला जाणार कधी, मला उचलून नेल्यावर?" मी पाणी आणलं. ती घरासमोर उभी होती. घराचा दर्शनी भाग बिजागऱ्यांवर उघडून ठेवलेला होता, दोन्ही मजले समोर. खालच्या मजल्याकडे बघून तिने "अगं बाई" म्हटलं, आणि मग वरच्या मजल्याकडे बघत राहिली. बराच वेळ. तिच्या मानेवर घाम होता. तिने हात आत घातला, ते सुजलेल्या सांध्यांचं बोट दुसऱ्या बोटाला नीट टेकत नव्हतं, तरी तिने खिडकीतली बाहुली चिमटीत धरली, पॅसेजमध्ये आणली, टेबलाशी बसवली, आणि खुर्ची नखाने आत सरकवली.

"ही इथे बसायची," ती म्हणाली.

"ताई, टेबलावरून आरसा दिसत नाही."

"नसेल दिसत."

"खिडकीतून दिसतो."

"चित्रातल्यासारखं कर म्हटलं होतं ना तुला," ती म्हणाली, चिडून नव्हे, दमून. "सात वर्षांच्या पोरीचं खेळणं आहे ते. झालं तेवढं पुरे, बंद कर आता."

"मी दिसले होते का तुला?"

तिने खुर्ची ओढली, बसली, पाणी प्यायली. ग्लास मांडीवर धरून ठेवला. "दिसली होतीस," ती म्हणाली. "बाळाला धरून रोलर दाखवत होतीस. म्हणून तर मी निवांत वेणी घालत बसले. म्हटलं, मुंगी आहे त्याच्याजवळ."

हे ती इतकं साधं बोलली की मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. पण ऐकलं होतं. चव्वेचाळीस वर्षं हे तिच्या तोंडात होतं आणि तिने कधी चुकूनही बाहेर पडू दिलं नव्हतं. भांडणात नाही, आईच्या मागे नाही, कधीच नाही.

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू सगळ्यांसमोर टेबलाशी होते म्हणालीस. तुझी चड्डी ओली झाली होती, मुंगे. पायावरून ओघळत होतं. कोणाचं लक्ष नव्हतं, मला दिसलं. मी म्हटलं, हिला जर आईने टाकलं तर ही जगायची नाही. मी तेरा वर्षांची घोडी, मला वाटलं मी जगेन." ती जरा हसली. "आणि जगलेच की. पोरं झाली, नातवंडं झाली."

"मला तरी सांगायचंस नंतर."

"काय सांगायचं? दोन वर्षांनी बघते तर तू खरोखरच विसरली होतीस. मग म्हटलं, राहू दे. आईला तर एकदा पटलं ते पटलं. तिच्या मनात त्यानंतर कधी काही आलं नाही, त्यामुळे मलाही सोपं गेलं. ती जर मधूनच अशीतशी वागली असती तर मला जमलं नसतं."

इथे मी गप्प बसायला हवं होतं का, मला अजून माहीत नाही. आत्तापर्यंत मी जे सांगितलं त्याने तिचं वाटोळं झालं होतं, आणि आता जे सांगणार होते त्याने काय होईल ते मला दिसत होतं. पण मी तिच्यापासून आणखी काही ठेवून घेऊ शकत नव्हते.

"ताई, आईने मला विचारलं होतं."

"काय?"

"तू नक्की टेबलाशीच होतीस ना, असं. शेवटच्या आठवड्यात. तू बाहेर बाकावर होतीस."

तिचा चेहरा माझ्यासमोर पांढरा पडत गेला. एवढा वेळ जी मलाच सांभाळून घेत होती तिच्या मांडीवरचा ग्लास कलंडला. मी तो काढून घेतला.

"आईने विचारलं?" ती म्हणाली. "आपणहून?"

"हो."

"तू काय म्हणालीस?"

"हो म्हणाले. मला तेच खरं वाटत होतं, ताई."

"मग?"

"मग म्हणाली, बाहेर ती आहे का. मी म्हटलं, आहे, बोलावू का. ती दाराकडे बघत राहिली. मग नको म्हणाली, आणि भिंतीकडे वळली."

"माझं नाव घेतलं?"

खोटं बोलणं किती सोपं होतं. एक शब्द, आणि तिला आयुष्यभर पुरला असता. "नाही," मी म्हटलं. "नुसतं 'ती' म्हणाली. बाहेर ती आहे का, एवढंच."

ताईने मान हलवली. "मी त्या दाराच्या बाहेरच होते गं," ती म्हणाली. "दार लोटलेलंसुद्धा नव्हतं." मग ती पुढे वाकली, दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि रडायला लागली, लहान मुलं रडतात तशी, आवाज करून. बाळ गेला तेव्हा ती रडली नव्हती, आत्याकडे पाठवली तेव्हा नाही, आईला नेलं तेव्हाही नाही. मी ग्लास धरून तिच्यासमोर उभी होते, आणि पुढे होऊन तिच्या पाठीवर हात ठेवायचा मला धीर होत नव्हता.